बाई हेर असली की परीक्षण नेमकं कशाचं होतं?

फोंड्याच्या एका कॉलेजात फिल्म क्लब चालवणाऱ्या टीचरनी विचारलं आहे: "यंदा मुलांना नायिकाप्रधान हेरपट दाखवायचं ठरवलं. निवड करण्यासाठी परीक्षणं वाचायला घेतली आणि गोंधळच उडाला. एकाच चित्रपटाला कुणी चार तारे देतं, कुणी दीड. बऱ्याच ठिकाणी ‘एवढीशी बाई इतक्या पुरुषांना लोळवते हे पटत नाही’ असं वाक्य सापडतं आणि आमच्या कमिटीतल्या एका सरांचंही तेच म्हणणं आहे. समीक्षक या चित्रपटांना न्याय देतात का? आणि आम्ही निवडायचे कसे?"

टीचर, न्याय बऱ्याचदा देत नाहीत. पण झोडपल्या गेलेल्या चित्रपटांतले बरेचसे झोडपण्याच्या लायकीचेच असतात. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि तुमचा गोंधळ तिथूनच सुरू होतो. चित्रपट पडतो पटकथेमुळे, परीक्षणात मात्र त्याचं खापर फुटतं नायिकेच्या मनगटावर.

मी पणजीत पंचवीसेक वर्षं मराठी दैनिकांसाठी परीक्षणं लिहिते आहे. तुमचा प्रश्न आला तेव्हा जुन्या कात्रणांची फाइल काढून बसले. २०१० साली दोन हॉलिवूडपट पाठोपाठ आले होते, ‘सॉल्ट’ आणि ‘नाइट अँड डे’. ‘सॉल्ट’मधली हेराची भूमिका मुळात पुरुषासाठी लिहिलेली होती. टॉम क्रूझच्या नावाची बोलणी चालली होती, तो बाजूला झाला आणि एडविन सॉल्टची एव्हलिन सॉल्ट होऊन ती भूमिका अँजेलिना जोलीकडे आली. क्रूझनं केला तो ‘नाइट अँड डे’. एका चित्रपटात नायिका पुलावरून धावत्या ट्रकच्या टपावर उडी घेते, दुसऱ्यात नायक धावत्या गाडीच्या बॉनेटवर येऊन आदळतो. दोन्ही उड्या सारख्याच अशक्य. माझ्या कात्रणांत जोलीच्या उडीपुढे ‘विश्वास बसत नाही’ असं आहे आणि क्रूझच्या उडीपुढे ‘धमाल’. तेव्हा मला हे खटकलंसुद्धा नव्हतं. आज त्या दोन कात्रणांकडे बघताना वाईट वाटतं, कारण मी बाई असून माझ्या डोळ्यांत दोन वेगळे तराजू होते आणि ते मी वाचकांच्या हातात दिले.

मग लाल पेन घेऊन मी सगळी फाइल चाळली, माझी आणि इतरांचीही परीक्षणं. नायक लढतो तेव्हा आपण क्रियापदं वापरतो. तो झेपावतो, चकवतो, गळा आवळतो, दार फोडतो. नायिका लढते तेव्हा विशेषणं येतात: धडाकेबाज, रणरागिणी, ग्लॅमरस, बिनधास्त, ‘कमनीय पण कणखर’. ती नेमकं काय करते ते कुठेच नाही, ती कशी दिसते तेवढंच. त्यातली ‘रणरागिणी’ तर प्रत्येक मराठी परीक्षणात हमखास. तुम्ही परीक्षण वाचाल तेव्हा आधी एवढंच बघा. लिहिणाऱ्यानं तिची लढाई क्रियापदांत सांगितली असेल, तर त्यानं ती नीट पाहिलेली आहे. मग त्याचं मत तुमच्या मताच्या उलट असलं तरी कामाचं आहे. नुसती विशेषणांची माळ असेल, तर कौतुकाचं परीक्षणही बाजूला ठेवा.

आता तुमच्या सरांचा मुद्दा. पन्नास किलोची बाई नव्वद किलोच्या माणसाला कशी पाडेल? प्रश्न रास्त आहे. फक्त तो प्रश्न चांगल्या फाइट मास्टरला आधीच पडलेला असतो आणि त्याचं उत्तर पडद्यावर असतं. ‘ॲटॉमिक ब्लाँड’ (२०१७) बघा. भिंत पडण्याच्या सुमाराचं, १९८९ चं बर्लिन, शार्लिझ थेरॉन ब्रिटिश हेर. दिग्दर्शक डेव्हिड लीच स्वतः आधीचा स्टंटमन, ब्रॅड पिटचं डुप्लिकेटचं काम केलेला. या चित्रपटात इमारतीच्या जिन्यावरची एक लढाई आहे, जवळपास दहा मिनिटांची, एकाच दमात घेतल्यासारखी दिसणारी. खरं तर अनेक तुकडे शिताफीनं जोडलेले आहेत, पण जोड दिसत नाहीत. माझ्या मते गेल्या काही दशकांतली ही सगळ्यांत प्रामाणिक मारामारी आहे. नायिका ताकदीच्या जोरावर जिंकतच नाही. कोपर, गुडघा, हाताला लागेल ती वस्तू, जिन्याचा उतार आणि समोरच्याचं स्वतःचं वजन, एवढ्यावर ती लढते. आणि ती थकते. शेवटाकडे दोघांनाही धड उभं राहता येत नाही. एक ठोसा मारायचा तर आधी भिंतीला टेकून श्वास घ्यावा लागतो, मारताना तोल जातो, मारणाराच खाली बसतो. चित्रपटाच्या सुरुवातीलाच आपण तिला बर्फाच्या पाण्यानं भरलेल्या टबात बघतो, अंगभर काळेनिळे डाग. या कामाची किंमत शरीर कशी चुकवतं ते इथे दिसतं. नायकांच्या चित्रपटात माणसं वीस वीस फूट उडतात आणि नायकाच्या शर्टाची घडी मोडत नाही, तेव्हा वजनाचा हिशेब कुणी मांडत नाही. सरांना एकदा तो जिना दाखवा. या चित्रपटावर ‘दिसायला देखणा, गोष्टीत गोंधळ’ अशी टीका झाली आणि ती मला मान्य आहे. दुहेरी-तिहेरी हेरांच्या गुंत्यात मध्यंतरानंतर आपण खरोखर हरवतो. पण ती टीका पटकथेवरची आहे. तिच्या लढण्यावर शंका घेणारी टीका वेगळी. दोन्ही एकाच परिच्छेदात कालवली की वाचकाला काहीच कळत नाही.

आपल्याकडे हा संशय एवढा खोल रुजावा याचं मला नवल वाटतं, कारण आपली सुरुवात उलटी झाली होती. १९३५ साली वाडिया मूव्हिटोनचा ‘हंटरवाली’ आला. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये जन्मलेली मेरी ॲन इव्हान्स ‘फिअरलेस नाडिया’ झाली, तोंडाला बुरखा बांधून, हातात चाबूक घेऊन घोड्यावर बसली, स्वतःचे स्टंट स्वतः करत राहिली, आणि प्रेक्षकांनी तिला डोक्यावर घेतलं. तिकीट काढून आलेल्यांना तिच्या ताकदीबद्दल शंका नव्हती. नाक मुरडलं ते शिकल्यासवरल्या मंडळींनी. ‘स्टंटपट’ म्हणून त्यांनी तो प्रकारच बाहेरच्या ओसरीवर बसवला. पुढे ‘शोले’त हेमामालिनीच्या टांग्याचे स्टंट करणारी रेश्मा पठाणही कित्येक वर्षं कुठल्या परीक्षणात आली नाही. पडद्यावर बाई लढत होती, पडद्यामागेही बाईच लढत होती. लिहिणाऱ्यांना तेवढी ती दिसली नाही.

आता चित्रपट खरोखर कुठे फसतात ते सांगते. समीक्षकांची बाजू इथे भक्कम आहे. ‘बेबी’ (२०१५) तुम्ही पाहिला असेल. त्यात तापसी पन्नूला मोजका वेळ आहे, पण काठमांडूच्या हॉटेलातल्या खोलीत ती एकटी एका संशयिताशी ज्या तऱ्हेनं भिडते, तिथे आमच्या थिएटरात शिट्ट्या पडल्या होत्या. ती कोण, कुठली, तिच्या आयुष्यात काय झालं, कुणी सांगत बसत नाही. ती आपलं काम करते. त्या यशावरून तिच्याच पूर्वकथेचा स्वतंत्र चित्रपट निघाला, ‘नाम शबाना’ (२०१७). आता नाव तिचं, पोस्टर तिचं. आणि काय झालं? ती कुडो हा झुंजीचा खेळ खेळते, तयार आहे, तापट आहे, पण तिला हेर व्हायला आधी प्रियकराचा खून व्हावा लागतो. तिच्यावर पाळत गुप्तचर संस्थेची, निर्णय संस्थेचा, समजावून सांगणारे मनोज बाजपेयी, आणि ऐन मोहिमेत मदतीला अक्षय कुमार हजर. बहुतेक परीक्षणांनी तापसीला शाबासकी दिली आणि पटकथेला ढिली म्हटलं. ते बरोबरच होतं. मी त्यात एकच भर घालेन: दुय्यम भूमिकेत तिच्याकडे जेवढं स्वातंत्र्य होतं तेवढं मुख्य भूमिकेत उरलं नाही. मारामारी तिच्या हातात दिली, पण गोष्टीची दोरी दुसऱ्याच्या हातात ठेवली.

नायिकाप्रधान हेरपटांचं जुनं दुखणं हेच. नायक हेर असतो कारण ते त्याचं काम आहे. नायिका हेर व्हायची तर आधी कुणीतरी मरावं लागतं, आई, बाप, नवरा, प्रियकर, नाहीतर तिच्यावर अत्याचार व्हावा लागतो. ‘धाकड’मध्येही (२०२२) लहानपणी आईबापांचा खून आहेच. त्या चित्रपटाचं छायाचित्रण तेत्सुओ नागाता यांच्यासारख्या नामवंताचं होतं, कंगना राणावतनं मेहनतही कमी घेतली नव्हती. पण दोन मारामाऱ्यांच्या मध्ये धरून ठेवणारं काही नव्हतं, आणि चित्रपट दणकून आपटला. समीक्षकांनी झोडपला त्यात अन्याय नव्हता. अन्याय पुढच्या आठवड्यात झाला, जेव्हा जो तो लिहू लागला की आपल्याकडे बायकांचे ॲक्शनपट चालतच नाहीत. त्याच वर्षी जॉन अब्राहमचा ‘अटॅक’ पडला, टायगर श्रॉफचा ‘हीरोपंती २’ पडला, रणबीर कपूरचा ‘शमशेरा’ पडला. पुरुषांचे ॲक्शनपट आता चालत नाहीत, असं मी कुठे वाचलं नाही. नायक पडला तर तो एकटा पडतो. नायिका पडली की तिच्यामागे रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांचे पैसे अडतात.

गोव्याचं इथे मुद्दाम सांगते, कारण तुमची मुलं इथली आहेत. ‘द बोर्न सुप्रिमसी’ची (२००४) सुरुवात गोव्यात होते. नायक बोर्न आणि त्याची प्रेयसी मारी इथे लपून राहिलेले असतात. पाठलाग होतो, गाडी ती चालवत असते, पुलावर तिला गोळी लागते आणि गाडी नदीत कोसळते. आमच्याकडे लोक अजून अभिमानानं सांगतात, बोर्नचं शूटिंग आमच्या गावात झालं म्हणून. मला त्या दृश्यात दरवेळी तीच आठवते. नायकाला सूडाचं कारण मिळावं म्हणून ती आमच्या नदीत बुडाली. त्याआधी १९८० चा ‘द सी वुल्व्झ’. ९ मार्च १९४३ ला मुरगाव बंदरात ‘एहरेनफेल्स’ या जर्मन जहाजावर कलकत्त्याहून आलेल्या राखीव घोडदळवाल्यांनी जो छापा घातला, त्यावरचा. घटना खरी. त्यात रॉजर मूरच्या वाटेला एक देखणी, घातकी जर्मन हेर बाई येते, आणि तिचं हेर असणं म्हणजे मुख्यतः देखणं असणं.

आणि आता खरी बाई बघा. २५ नोव्हेंबर १९५५ पासून लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी सीमेपलीकडच्या जंगलातून गुप्त रेडिओ केंद्र चालवलं, आधी आंबोली, मग कॅसलरॉक. कोकणी आणि पोर्तुगीजमधून रोजच्या बातम्या, पोर्तुगीज सरकारच्या खोटेपणाला उत्तरं, तीही सहा वर्षं. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा विमानातून ध्वनिक्षेपकावरून ती बातमी लोकांना सांगितली गेली, त्यातही लिबियाबाई होत्या. २०२५ साली, वयाच्या शंभरीत, त्यांना पद्मश्री मिळाली. त्या सहा वर्षांत ना चाबूक होता ना उंच टाचा. जंगल, पाऊस, जळवा, यंत्र बंद पडेल ही धास्ती आणि ठरलेल्या वेळी न चुकता बोलायची शिस्त. गुप्त काम बहुतेक वेळा असंच असतं. ज्या मातीत हे घडलं तिथल्या मुलांना ‘बाई हेर पटत नाही’ हे वाक्य ऐकवायची वेळ येऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

समीक्षक कोण असतात हेही एकदा बघायला हवं. २०१८ साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ॲनेनबर्ग केंद्रानं आदल्या वर्षीच्या १०० आघाडीच्या चित्रपटांची परीक्षणं मोजली, तेव्हा ७७.८ टक्के पुरुषांनी लिहिलेली निघाली. याचा अर्थ पुरुष समीक्षक मुद्दाम वाईट लिहितात असा नाही, माझे गुरू पुरुषच होते. पण एकाच खिडकीतून बघणारे खूप असले की एकच बाजू दिसते. आमच्याकडे तर वाटणीच ठरलेली असायची. मारधाडीचे चित्रपट मुलांना, ‘कौटुंबिक’ मला. एका दैनिकात मी हट्टानं एक हेरपट मागून घेतला, मारामारीची रचना कशी आहे यावर अर्धं परीक्षण लिहिलं. छापून आलं तेव्हा तोच भाग कापलेला होता आणि वर मथळा: ‘नाजूक हाती बंदूक’. मी वाचकांना जे दाखवू पाहत होते, नेमकं तेच झाकलं गेलं. तेव्हापासून मथळा मी स्वतः लिहून देते.

टक्क्यांचं थोडक्यात. ‘रॉटन टोमॅटोज’ या परीक्षणं गोळा करणाऱ्या संकेतस्थळावरचा आकडा म्हणजे गुण नव्हेत. किती समीक्षकांनी बरा म्हटला त्याची ती टक्केवारी. साठ किंवा त्याच्या वर ताजा, खाली कुजका. सगळ्यांनी दहापैकी सहा दिलेला मिळमिळीत चित्रपट तिथे शंभर टक्के घेतो, आणि काहींनी जीव ओवाळून टाकलेला, काहींनी लाथाडलेला धाडसी चित्रपट पन्नासवर अडकतो. नायिकाप्रधान हेरपट बहुधा या दुसऱ्या जातीचे असतात. आणि समीक्षक-प्रेक्षक फारकत उलट दिशेनंही होते. दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्गच्या ‘हेवायर’मध्ये जिना कॅरानो ही खरीखुरी झुंजपटू नायिका होती. मारामारीला पार्श्वसंगीतच नाही, फक्त धापा आणि फर्निचर मोडल्याचे आवाज. समीक्षकांना आवडला, प्रेक्षक मात्र थिएटरातून नाराज बाहेर पडले. त्यांना जाहिरातीत जे कबूल केलं होतं ते मिळालं नव्हतं. तारे आणि टक्के यांवरून तुमची निवड करू नका, एवढंच.

एका गोष्टीची मला हल्ली पहिल्यापेक्षा जास्त काळजी वाटते. ‘स्त्रीशक्ती’ म्हणून मोठ्या मनानं दिलेला एखादा जास्तीचा तारा. फसलेल्या चित्रपटाला नायिका आहे म्हणून सांभाळून घेणं हा तिचा अपमान आहे, आणि पुढच्या मुलीच्या वाट्याला तीच फसलेली पटकथा येते. ‘राझी’ला (२०१८) अशी सवलत लागली नाही. मेघना गुलजारनं १९७१ च्या युद्धाआधीची, पाकिस्तानी लष्करी घरात सून म्हणून गेलेल्या भारतीय हेराची गोष्ट सांगितली, देशात १०० कोटींच्या वर धंदा झाला, फिल्मफेअरमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन आणि अभिनेत्री हे तिन्ही पुरस्कार मिळाले. काही समीक्षकांनी म्हटलं, ॲक्शन कमी आहे. मला विचाराल तर आहे तेवढी अंगावर येते. नायिका सेहमत घरातल्या जुन्या नोकराला, अब्दुलला, जीपखाली चिरडते. त्यात शौर्य नाही, घाई आहे, भीती आहे. मग घरी येऊन न्हाणीघराचं दार लावते आणि तिथे कोसळते. सूड घ्यायला ती गेलेली नाही. मरणाऱ्या बापानं सोपवलेलं काम तिनं स्वतः होकार देऊन घेतलं आहे, म्हणून त्याचं ओझंही तिचंच. आणि शेवटी आपलीच माणसं आपल्याला मारायला निघाली होती हे तिला कळतं तेव्हा जो चेहरा आलिया भटनं केला आहे, त्यासाठी मला एकही विशेषण नको.

तुमच्या क्लबसाठी मी असं करेन. पहिल्या दिवशी ‘बेबी’तली ती हॉटेलची खोली, तेवढाच तुकडा, आणि लगेच ‘नाम शबाना’ पूर्ण. मुलांना एकच काम द्या: प्रत्येक मोठा निर्णय कोण घेतं ते वहीत टिपायचं. दुसऱ्या दिवशी ‘राझी’, तीच वही. तिसऱ्या दिवशी विशाल भारद्वाजचा ‘खुफिया’ (२०२३). तब्बूची गुप्तचर अधिकारी कृष्णा मेहरा मारामारी करत नाही, बघते आणि वाट बघते. संथ आहे अशी तक्रार झाली होती आणि उत्तरार्धाबद्दल ती थोडी खरी आहे. मुलांना त्यावर भांडू द्या. तो ओटीटीवरचा चित्रपट आहे, घरच्या खात्यावरून हॉलमध्ये लावू नका, परवानगीचं आधी बघून घ्या. ‘ॲटॉमिक ब्लाँड’ प्रौढांसाठीचा आहे, अकरावी-बारावीची मुलं बसणार असतील तर सोडून द्या. सरांना जिना वेगळा दाखवता येईल.

खेळ झाल्यावर मुलांकडून परीक्षणं लिहून घ्या, तीनशे शब्दांत, एकही विशेषण न वापरता. पहिल्या खेपेला त्यांना जड जाईल. आणि ‘राझी’च्या दिवशी चहाची सुटी जीपच्या दृश्याच्या आधी घ्या. ते आणि न्हाणीघर यांच्यामध्ये दिवे लावू नका.